बारीक अक्षर आणि आमची चाळिशी



एक गोष्ट बरेच दिवस मनात घोळत होती. दुसऱ्याची चूक लिहायला पेन लगेच सरसावते, स्वतःची लिहायची म्हटली की शाई वाळते. म्हणून राहून गेली. आज लिहून टाकतो.

आमच्या वस्तीच्या अभ्यासिकेत संध्याकाळी सात ते नऊ या वेळात आम्ही चार-पाच जण मुलांचे ऑनलाइन अर्ज भरून देतो. शिष्यवृत्ती, प्रवेश, वसतिगृह, भरती, जे असेल ते. आधी तिथे १८.५ इंची पडद्याचा एक जुना कॉम्प्युटर होता. कुठल्याशा ऑफिसने काढून टाकलेला, पण इमानी. मग वस्तीतलाच एक मुलगा पुण्यात चांगल्या नोकरीला लागला. त्याने स्वतःसाठी नवा लॅपटॉप घेतला आणि आधीचा अभ्यासिकेला दिला. आधीचा म्हणजे काही मोडका नव्हे! १४ इंची, वजनाला हलका, आणि पडदा असा की लग्नाचा फोटो उघडला तर शालूच्या जरीचा धागा न् धागा मोजून घ्यावा. सगळ्यांनी कौतुक केले. मीही केले.

त्याच लॅपटॉपवर मी एका मुलीच्या उत्पन्नाच्या दाखल्याचा नंबर चुकीचा टाकला.

दाखला स्कॅन केलेला, पडद्याच्या डाव्या अर्ध्यात उघडा. उजव्या अर्ध्यात अर्ज. नंबर लांबलचक. मी चष्मा लावला, मान पुढे केली, एकेक आकडा पाहून टाकला. मध्ये एका ठिकाणी ३ होता, मी ८ टाकला. तीन आठवड्यांनी अर्ज परत आला. शेरा एवढाच, की दाखल्याचा नंबर जुळत नाही. मधल्या काळात कॉलेजने मुलीकडे पूर्ण फी मागितली होती. तिची आई चार घरची धुणीभांडी करते. ती अभ्यासिकेत आली आणि मला म्हणाली, "भाऊ, तुमच्या हातून कशी चूक होईल? दाखल्यातच काहीतरी खोट असंल." ती रागावली असती तर बरे झाले असते. कारण दाखल्यात खोट नव्हती. कागदावर ३ स्वच्छ छापलेला होता.

मी बी.कॉम. झालेला माणूस आणि वीसएक वर्षे कारकुनी केलेला. आकड्यांशी माझी जुनी सोयरीक. हिशेबाचा ताळा जुळत नसला आणि फरकाला ९ ने पूर्ण भाग जात असला, तर दोन आकडे उलटसुलट पडले असावेत, हे आम्हाला कॉलेजात शिकवलेले. ४५ च्या जागी ५४ लिहिले की फरक ९. ही चूक अशी पकडता येते. पण ३ चा ८ झाला तर त्याला कोणता नियम पकडणार? ३ च्या पोटाची डावी बाजू उघडी, ८ ची बंद. आकडा बारीक झाला की ती उघडी बाजू मिटल्यासारखी दिसते. फरक तेवढाच, आणि तेवढ्यावर एका पोरीचे वर्ष टांगलेले!

सगळ्यांनी दोष अर्थातच माझ्या डोळ्यांना दिला. आपल्या भाषेने वाचायच्या चष्म्याला नावच 'चाळिशी' ठेवले आहे, त्यात पळवाट नाही. मी गेलो, डोळे तपासले, नंबर थोडा वाढला होता, नवा चष्मा केला. वर्तमानपत्र लख्ख दिसू लागले. लॅपटॉपवर मात्र तीच गत. पुन्हा मान पुढे, पुन्हा डोळ्यांना पाणी. अभ्यासिकेत येणाऱ्या पन्नाशीच्या एक अंगणवाडी सेविका ताई तर स्पष्ट म्हणाल्या, "दादा, तो कॉम्प्युटर पोरांसाठी आहे. आपल्यासाठी नाही." आणि त्यांनी स्वतःची माहिती भरायचे सोडून दिले. दर वेळी कुणा पोराला विनवायचे, त्याच्या सवडीने बसायचे, आपला पगार आणि बँकेचा नंबर त्याला वाचून दाखवायचा. मला हे फार लागले. वाचायला येत असून वाचून घ्यायची पाळी यावी?

मग एका मुलाने उपाय केला. त्याने रिझोल्यूशन कमी केले. अक्षरे मोठी झाली खरी, पण पावसात भिजलेल्या पोस्टकार्डासारखी! कडा पसरलेल्या, धुरकट. मोठी असून वाचवत नव्हती. अर्ध्या तासात माझे डोके धरले.

शेवटी मी लॅपटॉप देणाऱ्या मुलाला फोन केला. तो हसला आणि म्हणाला, "काका, स्केल मी शंभरवर ठेवलं होतं. जास्त ओळी दिसाव्यात म्हणून. बदलायचं राहून गेलं." स्केल म्हणजे काय, ते त्याने फोनवर समजावले. मी ते माझ्या पद्धतीने समजून घेतले, ते तुम्हाला सांगतो.

आपल्या आयाबहिणी दारात ठिपक्यांची रांगोळी काढतात. अमुक कमळाला अमुक इतके ठिपके, हे ठरलेले असते. ठिपके चार बोटांच्या अंतराने टाकले तर कमळ परातीएवढे होते. तेवढेच ठिपके तांदळाच्या दाण्याएवढ्या अंतराने टाकले तर तेच कमळ वाटीएवढे. कमळात काही कमी झालेले नाही, ठिपके जवळ आले आहेत. कॉम्प्युटरचा पडदा म्हणजे अशीच ठिपक्यांची रांगोळी. ठिपक्याला पिक्सेल म्हणतात. आमच्या जुन्या १८.५ इंची पडद्यावर आडवे १३६६ आणि उभे ७६८ ठिपके होते, म्हणजे एकूण साडेदहा लाखांच्या आसपास. एका इंचात सुमारे ८५. नव्या १४ इंची पडद्यावर आडवे २८८० आणि उभे १८००, म्हणजे जवळजवळ ५२ लाख! एका इंचात सुमारे २४३. पडदा लहान आणि ठिपके पाचपट.

आता यातली गोम अशी, की विंडोज आपले माप इंचात किंवा मिलिमीटरमध्ये धरत नाही, ठिपक्यांत धरते. एका इंचात ९६ ठिपके असतात, असे त्याने फार पूर्वीपासून गृहीत धरले आहे. स्केल १०० टक्के ठेवले म्हणजे या गृहीताप्रमाणे अक्षर काढ, असा हुकूम. १२ पॉइंटचे इंग्रजी कॅपिटल अक्षर या हिशेबाने सुमारे साडेअकरा ठिपके उंच येते. जुन्या पडद्यावर ते साडेतीन मिलिमीटरच्या जवळ भरत होते. नव्या पडद्यावर तेवढ्याच ठिपक्यांचे अक्षर सव्वा मिलिमीटर, मोहरीएवढे! आणि स्कॅन केलेला दाखला अर्ध्या पडद्यात कोंबलेला, त्यावरचा नंबर याहूनही बारीक. म्हणजे माझ्या डोळ्यांचा नंबर थोडा वाढला हे खरे, पण त्याच वेळी अक्षर जवळजवळ एक-तृतीयांश झाले होते. सगळा दोष एकट्या चाळिशीच्या माथी मारणे बरोबर नव्हते.

याची परीक्षा घरच्या घरी होते. मुलांच्या कंपासपेटीतली पट्टी घ्या. वर्डमध्ये कोरे ए-४ पान उघडा आणि उजव्या कोपऱ्यातला झूम १०० टक्के ठेवा. आता पडद्यावर पानाची रुंदी मोजा. खऱ्या कागदाची रुंदी २१ सेंटिमीटर असते. आमच्या जुन्या कॉम्प्युटरवर ती पावणेचोवीसच्या आसपास भरायची, म्हणजे खऱ्याहून मोठी. नव्या लॅपटॉपवर भरली ८.३ सेंटिमीटर! ज्या मुलीचा अर्ज परत आला होता तिनेच पट्टी लावली, आणि दोनदा लावली, कारण पहिल्यांदा तिला वाटले आपण पट्टी उलटी धरली.

आता रिझोल्यूशन कमी करणे का चुकीचे, तेही याच रांगोळीत सापडते. या पडद्याचे ठिपके कारखान्यातच घट्ट बसवलेले असतात. ते २८८० आहेत ते २८८०च राहणार. आमच्या मुलाने रिझोल्यूशन १२८० केले, म्हणजे कॉम्प्युटरला सांगितले की ठिपके १२८०च आहेत असे समज. २८८० ला १२८० ने भागा. सव्वादोन. म्हणजे चित्रातला एक ठिपका पडद्याच्या सव्वादोन ठिपक्यांवर बसवायचा. आता पाव ठिपका कुठून आणायचा? मग शेजारच्या ठिपक्याला निम्मा काळा, निम्मा करडा करून वेळ मारून नेली जाते. तोच तो धूर. जुन्या काळच्या काचेच्या नळीच्या मॉनिटरवर हे एवढे खटकत नसे, म्हणून जुन्या माणसांच्या हाताला ती सवय लागली आहे. मलाही होती. एमएस-सीआयटीच्या वेळी क्लासमध्ये असले मॉनिटर होते आणि अक्षर बारीक वाटले की आम्ही बिनदिक्कत ८०० बाय ६०० करायचो. आता ही सवय सोडली पाहिजे. रिझोल्यूशनच्या यादीत ज्या आकड्यासमोर 'रेकमेंडेड' लिहिलेले असते, तोच ठेवावा आणि त्याला पुन्हा हात लावू नये.

बदलायचे ते स्केल. डेस्कटॉपवर मोकळ्या जागी माऊसचे उजवे बटण दाबा, 'डिस्प्ले सेटिंग्ज' उघडा, त्यात 'स्केल' नावाची ओळ आहे. १००, १२५, १५०, १७५, २०० असे आकडे येतात, बारीक ठिपक्यांच्या पडद्यावर त्याहून पुढचेही. स्केल २०० केले म्हणजे कॉम्प्युटर जुन्या एका ठिपक्याच्या जागी दोन आडवे आणि दोन उभे, असे चार ठिपके वापरतो. कमळ पुन्हा परातीएवढे, पण आता त्यात चौपट ठिपके. त्यामुळे पाकळीची कड गुळगुळीत. म्हणजे ज्या पडद्याला आम्ही शिव्या देत होतो, तोच जुन्याहून चांगले अक्षर काढू शकत होता. त्याला मोठे काढ म्हणून कुणी सांगितलेच नव्हते!

आम्ही २०० करून पट्टी लावली, पान १६.६ भरले. २५० केले, २०.७ भरले. म्हणजे जवळजवळ खरा कागद. तिथेच ठेवले. पहिल्यांदा दाखला पुन्हा उघडून पाहिला. त्यातला ३ पाहून मला माझीच लाज वाटली.

किती स्केल ठेवावे याचा सरधोपट हिशेब असा, की आपल्या पडद्यावर इंचाला जेवढे ठिपके असतील त्याला ९६ ने भागावे. २४३ भागिले ९६ म्हणजे अडीच. म्हणून २५०. बऱ्याच साध्या लॅपटॉपचा पडदा १५.६ इंची आणि १९२० बाय १०८० असतो. तिथे इंचाला १४१ येतात, तर १५० ठीक. २४ इंची मोठ्या मॉनिटरवर तेच १९२० बाय १०८० असले तर इंचाला ९२. तिथे १०० पुरते, डोळे थकत असतील तर १२५. एकाच रिझोल्यूशनच्या दोन पडद्यांना वेगवेगळे स्केल लागते, ते यामुळे. शेजारच्या टेबलावरच्या माणसाने १०० ठेवले म्हणून आपणही ठेवावे, असे काही नाही.

ऑफिसात हे सांगितले तेव्हा पहिला प्रश्न काय आला असेल? "पडद्यावर मोठं केलं तर प्रिंटही मोठी निघेल ना? कागद वाया जाईल." नाही. वर्ड असो, एक्सेल असो, पीडीएफ असो, पडद्यावर मोठे दिसले म्हणून कागदावर मोठे छापत नाही. छपाईचा आकार फॉन्टच्या पॉइंटवर आणि प्रिंटच्या सेटिंगवर ठरतो. या एका गैरसमजापायी कित्येक सहकारी वर्षानुवर्षे ९ पॉइंटच्या एक्सेलवर डोळे फोडत आले आहेत.

दुसरा आक्षेप मात्र खरा आहे. स्केल वाढवले की पडद्यावर मावते कमी. एक्सेलचे पंधरा रकाने दिसत होते तिथे सात-आठ दिसतात, सरकवत बसावे लागते. तरुण मुलांना हे आवडत नाही. माझे मत विचाराल तर पंधरा रकाने चुकीचे वाचण्यापेक्षा सात बरोबर वाचलेले बरे. नाव आणि अनुक्रमांकाचे रकाने 'फ्रीझ' करून ठेवावेत, मग सरकवले तरी ते जागेवर राहतात. आणि ज्याला सगळे चिन्ह, पट्ट्या, बटणे मोठी नको, फक्त अक्षरे मोठी हवीत, त्याच्यासाठी विंडोज ११ मध्ये सेटिंग्जच्या 'ॲक्सेसिबिलिटी'त 'टेक्स्ट साइझ' आहे. ते २२५ टक्क्यांपर्यंत वाढते.

नुसती एखादी वेबसाइट वाचायची असेल तर यातले काहीच नको. कंट्रोल दाबून धरा आणि अधिकचे चिन्ह दाबा. पान मोठे होते. पुन्हा होते तसे हवे तर कंट्रोल आणि शून्य. क्रोमसारखे ब्राउझर त्या त्या साइटचे माप लक्षातही ठेवतात. दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर बसलात, सेटिंगला हात लावायचा संकोच वाटतो, तर हाच उपाय. आणि क्षणभर एखादा आकडा भिंगाखाली पाहावा तसा पाहायचा असेल तर विंडोजचे चिन्ह असलेली कळ आणि अधिक. भिंग उघडते. विंडोजची कळ आणि एस्केप दाबले की बंद. अर्ज 'सबमिट' करण्याआधी प्रत्येक नंबर मी आता या भिंगाखालून काढतो.

एक अडचण सांगतो. स्केल वाढवल्यावर काही जुनी सॉफ्टवेअर धुरकट दिसू लागतात, बाकी सगळे स्वच्छ असताना. ती अशा काळात लिहिलेली की जगात ९६ शिवाय माप नाही असे त्यांना वाटते. मग विंडोज त्यांचे लहान चित्र घेऊन ताणून मोठे करते. अशा वेळी त्या सॉफ्टवेअरच्या चिन्हावर उजवे बटण, 'प्रॉपर्टीज', 'कम्पॅटिबिलिटी', 'चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज', आणि तिथे खालच्या चौकोनात खूण करून 'सिस्टिम एनहान्स्ड' निवडावे. ही सोय २०१७ पासून आहे. सगळीकडे लागू पडत नाही, पण आमच्या ऑफिसातल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर चांगली लागू पडली. अक्षरांच्या कडा तरीही फाटक्या वाटल्या तर शोधपट्टीत 'क्लिअरटाइप' टाकावे. डोळ्यांच्या डॉक्टरकडे "हे बरे की ते बरे" विचारतात तसे कॉम्प्युटर नमुने दाखवतो, आपण बरा वाटेल तो निवडत जायचे. पाच मिनिटांचे काम. आपापले नमुने आपणच निवडावेत, मुलाकडून निवडून घेऊ नयेत. डोळे त्याचे वेगळे.

आता मराठीकडे येतो, कारण आपले नाव-गाव शेवटी मराठीतच असते. इंग्रजी अक्षर एकटे उभे असते. आपल्या अक्षराच्या डोक्यावर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार. पायाशी उकार. शिवाय जोडाक्षर. हे सगळे तेवढ्याच उंचीत बसवायचे म्हणून मूळ अक्षराच्या वाट्याला जागा कमी येते. त्यामुळे एकाच पॉइंटला इंग्रजी वाचता येते आणि मराठी वाचता येत नाही, हा काही आपल्या मनाचा खेळ नव्हे. घ आणि ध, भ आणि म, ब आणि व, थ आणि य यांत फरक किती, तर एक गाठ नाहीतर एक रेघ. आणि अनुस्वार तर एक टिंब! शेंडे यांचे शेडे झाले की शाळेच्या दाखल्यावर एक नाव आणि अर्जावर दुसरे. मग प्रतिज्ञापत्र करा, खेटे घाला. म्हणून मी मराठी मजकूर इंग्रजीहून दोन पॉइंटने मोठा ठेवतो.

विंडोजवर मराठी युनिकोडमध्ये दिसू लागले ते २००० साली, 'मंगल' फॉन्टमधून. त्याची अक्षरे र. कृ. जोशी यांनी घडवली होती. इंचाला शंभरच्या आत ठिपके असलेल्या पडद्यांच्या काळात वेलांट्या आणि जोडाक्षरे बसवणे म्हणजे पाच ठिपक्यांत कमळ काढण्यासारखेच. जोशी २००८ मध्ये गेले. २०१२ च्या विंडोज ८ पासून 'निर्मला' आला. मुंबईच्या एक टाइप या मंडळींचा 'मुक्ता' फॉन्ट फुकट मिळतो आणि मला तो वाचायला मोकळा वाटतो. कोणताही घ्या, पण फार पातळ रेघेचा घेऊ नका. बारीक ठिपक्यांच्या पडद्यावर पातळ रेघ अगदी केसासारखी निघते, आणि पांढऱ्यावर करडी असली तर दिसेनाशी होते.

मोबाइलवर एवढा घोळ का नाही, असे कुणी विचारेल. मोबाइलच्या पडद्यावर इंचाला चारशेच्या आसपास ठिपके असतात, तरी अक्षर मोहरीएवढे होत नाही. कारण अँड्रॉइडने सुरुवातीपासूनच मोजणी खऱ्या ठिपक्यांपासून वेगळी ठेवली. ॲपलने २०१० मध्ये आयफोन ४ च्या पडद्यावर इंचाला ३२६ ठिपके केले तेव्हा आडवे-उभे सरळ दुप्पट केले, म्हणून अक्षराचा आकार तोच राहिला आणि कड सुधारली. तरीही घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या फोनवर सेटिंग्जमधल्या 'डिस्प्ले'त जाऊन 'फॉन्ट साइझ' वाढवून द्या. दोन मिनिटे लागतात.

राहिला चष्मा. वाचायचा नंबर काढताना डॉक्टर हातात कार्ड देतात, ते आपण साधारण ४० सेंटिमीटरवर धरतो. कॉम्प्युटरचा पडदा असतो ६० ते ७० सेंटिमीटरवर. म्हणजे वाचायच्या चष्म्याने पडदा धूसर, म्हणून आपण मान पुढे नेतो आणि संध्याकाळी खांदे दुखतात. दुभागी चष्मा असेल तर खालच्या काचेतून बघण्यासाठी हनुवटी वर, ती आणखी वाईट. मी काय केले, तर नेहमीच्या जागी बसून डोळ्यापासून पडद्यापर्यंत सुतळी धरली, गाठ मारली आणि ती सुतळीच घेऊन गेलो. डॉक्टर हसले, पण त्या अंतराचा नंबर काढून दिला. अक्षर पुरेसे मोठे करूनही धूसर दिसत असेल, किंवा एका डोळ्याला दिसते आणि एकाला नाही असे असेल, तर मात्र स्केलशी खेळत बसू नये, डॉक्टर गाठावा. साखरेचा आजार असलेल्यांनी तर वर्षातून एकदा डोळ्याचा पडदा तपासून घ्यावाच. तो पडदा बदलून मिळत नाही.

अभ्यासिकेत आता वेगळीच भांडणे चालतात. मुले येतात, स्केल दीडशे करतात. आम्ही बसतो, अडीचशे करतो. शेवटी दोन वेगळ्या लॉगिन केल्या, एक मुलांची, एक मोठ्यांची. अंगणवाडीच्या ताई दुसऱ्या दिवशी काही आल्या नाहीत. आठवड्याने आल्या, दारातूनच म्हणाल्या, "जयभीम दादा, बघू तुमचं ते मोठं अक्षर." बसल्या, आणि स्वतःचा बँकेचा नंबर स्वतः टाकला. पासबुक मात्र दोन्ही हातांनी छातीशी धरले होते, मला दिसू नये म्हणून. बरोबरच आहे.

मुलीच्या अर्जाच्या दुरुस्तीला तेव्हा चार दिवस उरले होते. आम्ही तिघे बसलो. मुलगी मूळ कागदावरून आकडा वाचत होती, मी टाकत होतो, आणि तिची आई, सातवी शिकलेली, पडद्यावर बोट ठेवून एकेक आकडा परत मोठ्याने म्हणत होती. त्या ३ शी आल्यावर तिने बोट थांबवले, मुलीच्या हातातला कागद ओढून घेतला, पडद्याशेजारी धरून पाहिला, आणि मगच मला म्हणाली, "आता दाबा, भाऊ."